अकरावी-बारावीला संगीत घेताय? नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

अकरावीला संगीत घेणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो. पुस्तक पातळ दिसते, म्हणून विषय सोपा वाटतो. लेखी भाग खरोखर दोन-अडीच महिन्यांत तयार होतो. सूर आणि लय दोन वर्षे मागतात, आणि गुणांचा मोठा वाटा तिथेच असतो. त्यामुळे या विषयाचे वेळापत्रक इतर विषयांच्या उलटे लावावे लागते: अकरावीच्या पहिल्या दिवसापासून गळा किंवा हात, आणि पुस्तक मागाहून. दिवाळीनंतर रियाज वाढवू असे म्हणणाऱ्यांचे प्रॅक्टिकल हमखास फसते.

फॉर्म भरण्याआधी स्वतःला तपासा

गॅदरिंगमध्ये गाणे म्हटले, गणपतीत बक्षीस मिळाले, यावरून काही ठरवू नका. ट्रॅकवर गाताना सूर आणि ठेका दोन्ही उसने मिळतात. त्यापेक्षा घरी या तीन गोष्टी करून बघा.

मोबाइलवर तानपुऱ्याचे अ‍ॅप लावा, पेटी बंद ठेवा आणि फक्त सा धरा. श्वास घेत घेत एक मिनिट. रेकॉर्ड करून ऐका. शेवटच्या पंधरा सेकंदांत सा खाली सरकत असेल तर ते नवशिक्याचे नेहमीचे दुखणे आहे आणि सुधारते. सा कुठे लावायचा हेच उमगत नसेल, तर आधी दोन-तीन महिने क्लास करून मग निर्णय घ्या.

दुसरे, मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत हाताने त्रिताल धरा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, खाली नवव्या मात्रेला. तोंडाने बोल म्हणत चार आवर्तने पूर्ण करा. नंतर हात त्याच लयीत ठेवून बोल दुप्पट लयीत म्हणा. दुगुण सुरू होताच हातही पळू लागतो, तो पळतो का ते पाहा.

तिसरे, सरगम वरून खाली म्हणा: सां नि ध प म ग रे सा. चढताना बहुतेकांना जमते, उतरताना नि आणि ग ढिले पडतात.

तिन्हींत पैकीच्या पैकी पडायला हवे असे मुळीच नाही. आपण कुठून सुरुवात करणार आहोत हे कळले की पुरे.

मंडळ कोणते, विषयाचे नाव कोणते

इथे गोंधळ फार होतो, म्हणून नीट वाचा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीला ‘संगीत’ नावाचा एकच विषय नाही. सुगम गायन, शास्त्रीय गायन, वाद्यसंगीत आणि भारतीय संगीताचा इतिहास व विकास असे वेगवेगळे विषय आहेत. कॉलेजने ‘म्युझिक आहे’ असे सांगितले तर यांपैकी नेमके कोणते, हे विचारा. सुगम घेऊन दोन वर्षे ख्यालाची, म्हणजे शास्त्रीय गायनाची, तयारी केलेले किंवा याच्या उलट झालेले विद्यार्थी दरवर्षी निघतात.

सीबीएसईत हिंदुस्थानी संगीताचे तीन विषय आहेत: गायन (०३४), स्वरवाद्य (०३५) आणि तालवाद्य (०३६). लेखी ३० गुणांची, प्रात्यक्षिक ७० गुणांचे. म्हणजे शंभरातले सत्तर गुण तुम्ही परीक्षकासमोर बसून मिळवायचे आहेत. पेटी वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पाहावी: स्वरवाद्यांच्या यादीत सतार, सरोद, व्हायोलिन, दिलरुबा किंवा इसराज, बासरी, जलतरंग, मेंडोलिन आणि गिटार आहेत, पेटी नाही. इतकी वर्षे पेटी शिकलेल्याला हे खटकणारच, पण तिथे हट्ट चालत नाही. अशा विद्यार्थ्याने सरळ गायन घ्यावे. बोटांना सरगम ठाऊक असल्यामुळे स्वरज्ञान तयारच असते, फक्त गळा कामाला लावायचा उरतो.

सीबीएसईत विज्ञान किंवा वाणिज्याच्या विषयांसोबतही संगीत घेता येते, शाळेत तो शिकवला जात असेल तर. राज्य मंडळात मात्र हे विषय कला शाखेत शोधावेत. आणि अकरावी-बारावी मिळून एकच अभ्यासक्रम समजा. अकरावीला दुसरे काही घेऊन बारावीला संगीतात उडी मारू, हा बेत सोडून द्या.

कॉलेजला प्रत्यक्ष जाऊन विचारायचे प्रश्न

ऑनलाइन प्रवेशात पसंतिक्रम भरण्याआधी त्या त्या कॉलेजात एक फेरी मारा. कॉलेज रोड-गंगापूर रोडचा पट्टा एका सकाळी होतो. नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी यांना वेगळा दिवस ठेवा. माहितीपत्रकात छापलेला विषय आणि प्रत्यक्ष चालणारा विषय यांत फरक असू शकतो. कारकुनाला नव्हे, शक्यतो संगीताच्या शिक्षकांना किंवा उपप्राचार्यांना भेटा आणि विचारा:

– संगीताचे शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावर असतील तर आठवड्याला किती तास होतात?
– गेल्या वर्षी बारावीला या विषयाला किती मुले बसली? उत्तर शून्य असेल तर तुमच्या वर्षीही वर्ग भरेलच असे नाही.
– तबल्याची साथ मिळते का? की मोबाइलच्या ठेक्यावरच सारे चालते?
– संगीताचा तास कोणत्या विषयाच्या तासाला आडवा येतो? तर्कशास्त्र किंवा दुसरी भाषा याच वेळेला असेल तर एक सोडावे लागेल.
– अभ्यासक्रमाची आणि गुणविभागणीची प्रत मिळेल का? ती हातात घेऊनच बाहेर पडा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्यांचा आणखी एक गैरसमज असतो. त्या परीक्षांचे सवलतीचे कलागुण दहावीला मिळतात. बारावीच्या संगीत विषयात प्रवेशिका किंवा मध्यमा झाली आहे म्हणून काही सूट नाही, पेपर आणि प्रॅक्टिकल सगळ्यांसारखेच. तयारीच्या दृष्टीने मात्र प्रवेशिका पूर्ण झालेला विद्यार्थी बराच पुढे असतो, कारण हाताने ताल धरणे, सरगमगीत, छोटा ख्याल हे त्याला नवे नसते.

क्लासच्या गुरुजींनाही पहिल्याच महिन्यात अभ्यासक्रमाची प्रत दाखवा. ते एकच राग वर्षभर शिकवत असतील तर ते बरोबरच करत आहेत. पण तुम्हाला वर्षाला तीन-चार राग परीक्षेपुरते तयार हवे आहेत. दोन्हींची सांगड त्यांनाच घालू द्या. त्यांना न सांगता यूट्यूबवरून चौथा राग उचलला की बंदिशीची चाल आणि चलन दोन्ही वेडेवाकडे बसतात, आणि ते सुधारायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सा ठरवणे आणि वाद्य

मुलांनी अकरावीत सा नव्याने ठरवावा. आवाज फुटून गेलेला असतो आणि आठवीतली पट्टी आता कामाची नसते. मुलांचा सा साधारण पेटीच्या काळी एक पट्टीच्या आसपास, मुलींचा काळी चारच्या आसपास निघतो. पण हा ठोकताळा झाला. खरी कसोटी अशी: मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज न घोगरता जायला हवा आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधाराला मान न ताणता पोचायला हवा. वरचे टोक सोपे जावे म्हणून पट्टी खाली उतरवली तर मंद्रात आवाज नुसती हवा होतो.

पट्टीनुसार तबलाही बदलतो. काळी एकला लहान तोंडाचा, टिपेचा तबला लागतो. काळी चारला मोठ्या तोंडाचा, ढाल्या स्वराचा. काळी एकचा तबला हातोडीने ठोकून काळी चारपर्यंत उतरवता येत नाही. पुडी सैल होऊन नुसता थापटल्यासारखा आवाज येतो.

तालवाद्य घेणाऱ्यांनी स्वतःचा तबला स्वतः लावायला अकरावीच्या पहिल्या सहामाहीत शिकावे. चाटेवर (पुडीच्या कडेवर) ‘ना’ वाजवत पुडीची सोळा घरे एकेक करून तपासायची. स्वर उतरला असेल तर गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) वरून हलके ठोके, चढला असेल तर खालून. सगळाच तबला खूप उतरला असेल तर गठ्ठे (वादीत अडकवलेले लाकडी तुकडे) खाली सरकवावे लागतात. एकाच घरावर जोर काढला की समोरचे घर बिघडते, म्हणून समोरासमोरची घरे जोडीने घ्या. नाशिकच्या पावसाळ्यात कातडे ओल धरून स्वर उतरतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत तोच तबला चढलेला सापडतो. पावसाळ्यात गठ्ठे ठोकून ठोकून ताणलेला तबला डिसेंबरात तसाच ठेवला तर पुडी फाटण्याची भीती असते. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका, कापडी खोळीत गुंडाळून ठेवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तबल्याखाली दुमडलेली घोंगडी टाका, खालच्या मजल्यावरचे शांत राहतात.

गाणाऱ्याला खरा तानपुरा विकत घ्यायची घाई नको. अ‍ॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा दोन वर्षे पुरतो. कॉलेजातला तानपुरा मात्र महिन्यातून दोनदा तरी स्वतः लावा. पहिली तार पंचमाला, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जाला, शेवटची खर्जाला, म्हणजे खालच्या षड्जाला. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, तेव्हा पहिली तार मध्यमाला लावायची. पंचमाच्या तानपुऱ्यावर मालकंस सुरू केला की दुसऱ्याच मिनिटाला परीक्षकाची भुवई वर जाते.

रोजचा तास

रोज एक तास, आठवड्याला सहा दिवस. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. गळा बसतो तेवढा. पहिली दहा मिनिटे खर्ज, मंद्रात सावकाश. पुढची पंधरा मिनिटे अलंकार: आधी ठायीत (मूळ लयीत), मग दुगुणीत, आणि आकारात. त्यानंतर पंचवीस मिनिटे एकच राग. शेवटची दहा मिनिटे हाताने ताल. हा शेवटचा तुकडा सगळे गाळतात आणि परीक्षेत गुण नेमके तिथेच जातात.

पेटीवर बोट ठेवून रियाज करणे थांबवा. पेटी तुमच्यासोबत वाजत असली की बेसूर झाकला जातो, चूक कानाला कळतच नाही. सूर तानपुऱ्यावर लावायचा आणि शंका आली तरच पेटीवर तपासायचा.

राग: परीक्षेत कुठे घसरतात

सीबीएसईत अलीकडच्या वर्षांत अकरावीला बिहाग, भीमपलासी, भैरवी आणि बारावीला भैरव, बागेश्री, मालकंस असे राग आहेत. आपल्या वर्षाची छापील यादीच प्रमाण माना.

भीमपलासी आणि बागेश्री ही जोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण दोन्हींचा थाट काफी, दोन्हींत ग आणि नि कोमल, दोन्हींचा वादी (रागाचा मुख्य स्वर) मध्यम आणि संवादी (त्याच्या खालोखालचा) षड्ज. तक्ता पाठ करून हे राग वेगळे होत नाहीत. फरक चालण्यात आहे. भीमपलासी आरोहात रे आणि ध सोडतो: नि सा ग म प नि सां. पंचम ठसठशीत. बागेश्री वर जाताना मध्यमावरून सरळ धैवतावर जातो: म ध नि सां. पंचम तिथे जपून, उतरताना, ‘म प ध ग’ अशा वळणातच येतो. विद्यार्थी काय करतो? भीमपलासी अकरावीत पक्का झालेला असतो, म्हणून बागेश्रीच्या तानेत जीभ आपोआप ‘म प नि सां’ म्हणते. एवढ्या चार स्वरांनी राग मोडतो. उपाय साधा आहे: बागेश्रीच्या रियाजाची पहिली पाच मिनिटे फक्त ‘ग म ध, म ध नि ध म’ एवढ्यातच फिरा, आणि दोन्ही राग लागोपाठ एका बैठकीत गाऊ नका. परीक्षेच्या महिन्यात उलट मुद्दाम लागोपाठ गा.

बिहागात तीव्र मध्यमाचा मोह आवरा. तो पंचमाच्या आधाराने येतो. शुद्ध मध्यम हा मुख्य. रे आणि ध आरोहात नाहीत आणि अवरोहातही त्यांवर थांबायचे नाही. भैरवात कोमल रे आणि कोमल ध आंदोलित हवेत. सपाट लावले तर स्वर बरोबर असूनही भैरव उभा राहत नाही.

प्रत्येक रागात एक बंदिश, सहा ते आठ आलाप आणि तेवढ्याच ताना इतकी सामग्री वहीत लिहून ठेवा. ताना आठ आणि सोळा मात्रांच्या ठेवा, म्हणजे कुठून उचलली की समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते हे पक्के असते. ऐनवेळी सुचेल या भरवशावर जाणारा विद्यार्थी सम चुकवतो.

तालाचे गणित

लेखी आणि तोंडी दोन्हींत विचारतात, आणि हे गुण हमखास मिळतात. नियम एकच: मात्रांना पटीने भागा, उत्तर एकूण मात्रांतून वजा करा, तिथून सुरू करा.

त्रितालाची दुगुण आठ मात्रांत संपते, म्हणून नवव्या मात्रेपासून. चौगुण तेराव्यापासून. तिगुणीत विद्यार्थी अडखळतात: १६ भागिले ३ म्हणजे ५ पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून सुरुवात अकराव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. लिहायचे असे: अकरावी मात्रा ‘ऽऽधा’, मग ‘धिंधिंधा’, ‘धाधिंधिं’, ‘धाधातिं’, ‘तिंताता’, ‘धिंधिंधा’, आणि सम. रूपकची दुगुण साडेतीन मात्रांची, म्हणून चौथ्या मात्रेत ‘ऽती’, पुढे ‘तीना’, ‘धीना’, ‘धीना’. झपतालाची चौगुण अडीच मात्रांची: आठवीत ‘ऽऽधीना’, नववीत ‘धीधीनाती’, दहावीत ‘नाधीधीना’.

रूपकची पहिली मात्रा खाली असते, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. सवयीने पहिल्या मात्रेला टाळी वाजली की चूक. एकताल आणि चौताल यांच्या मात्रा, विभाग, टाळ्या सगळे सारखे आहे: १२ मात्रा, सहा विभाग, टाळी १, ५, ९, ११ आणि खाली ३, ७. फरक बोलांचा. एकताल तबल्याचा, चौताल पखवाजाचा, ध्रुपदाच्या साथीचा.

स्वरलिपी: एका बिंदूची चूक

महाराष्ट्रात भातखंडे आणि पलुस्कर दोन्ही पद्धती कानावर पडतात, आणि त्यांची खिचडी झाली की पूर्ण प्रश्न जातो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक आणि खालचा बिंदू म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तकाचा, तार सप्तकाला उभी रेघ. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्तासारखी खूण. सम भातखंड्यांत ×, खाली ०. पलुस्करांत सम १ आणि खाली +. वहीच्या पहिल्या पानावर कोणती पद्धत वापरली ते लिहा आणि उत्तरपत्रिकेतही बंदिशीच्या वर तेच लिहा. सोपे पडते ते भातखंडे; एक निवडा आणि दोन वर्षे तीच ठेवा.

लेखी

दहा थाट, रागांचे तक्ते, व्याख्या, ग्रंथ, चरित्रे. व्याख्येत उदाहरण दिले नाही तर अर्धे गुण गेले असे समजा: मींड म्हणजे काय हे सांगून ती कोणत्या रागात कुठून कुठे, तेही लिहा. ग्रंथांमध्ये नाट्यशास्त्र, संगीत रत्नाकर आणि संगीत पारिजात येतात. रत्नाकर तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शारंगदेवाने लिहिलेला, सात अध्यायांचा. पारिजात अहोबलाचा, सतराव्या शतकातला. वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली ही त्याची मुख्य ओळख.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांवरची टीप नाशिकच्या विद्यार्थ्याने तरी कोरडी लिहू नये. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुस्करांची शेवटची वर्षे पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात गेली, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. विष्णु दिगंबरांचे निधन १९३१, मिरज. भातखंडे १८६० ते १९३६. जुनी मराठी संगीतविषयक पुस्तके हवी असतील तर १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, शोधा.

ऐकणे हाही अभ्यास आहे. पिंपळपारावरची पाडवा पहाट, कालिदास कलामंदिरातल्या आणि कुसुमाग्रज स्मारकातल्या मैफली यांना वही घेऊन बसा: राग, ताल, बंदिशीची पहिली ओळ, कलाकाराने कुठे किती वेळ थांबून आलाप केला. रागओळखीच्या प्रश्नाला याचा उपयोग होतो.

प्रॅक्टिकलचा दिवस

राज्य मंडळाची प्रात्यक्षिके साधारण जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत होतात. नाशिकची थंडी अजून हटलेली नसते. सकाळचा क्रमांक असेल तर उठल्या उठल्या वरच्या स्वरांना हात घालू नका. वीस मिनिटे खर्ज, कोमट पाणी, मफलर. आदल्या दिवशी दोन तासांच्या वर गाऊ नका.

खोलीत गेल्यावर क्रम असा ठेवा. आपली पट्टी स्पष्ट सांगा, ‘काळी चार’, आणि तबला त्या स्वराला लागेपर्यंत थांबा. नवशिके घाईने तबल्याच्या स्वराला जुळवून घेतात आणि तार सप्तकात फसतात. मग रागाचे नाव, ताल आणि लय सांगा. साथीदाराला लय हाताने दाखवा. नुसते ‘मध्य लय’ म्हणून भागत नाही. आलापाने राग उभा करा, बंदिश दोनदा पूर्ण म्हणा, त्यानंतर ताना. परीक्षकाने मध्येच थांबवले तर घाबरू नका. त्यांना पुढचा राग ऐकायचा असतो. चुकून सम हुकली तर बंदिशीचा मुखडा धरा आणि पुढच्या समेवर या. हसून, मान हलवून, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे हे सगळ्यात महागात पडते.

प्रात्यक्षिक वही सहीशिवाय नेऊ नका. डिसेंबरात सही घेऊन ठेवा, कारण जानेवारीत शिक्षक दुसऱ्या केंद्रावर परीक्षक म्हणून गेलेले असतात.

बारावीनंतर

पुढे संगीतातच पदवी करायची असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र हा जवळचा पर्याय. तिथे प्रवेशाच्या वेळी प्रत्यक्ष गायन-वादन ऐकतात, बारावीची टक्केवारी तेवढ्यापुरती. त्यासाठी बारावीच्या रागांपैकी दोन निवडून, विलंबित ख्यालासह, वीस मिनिटे सलग गाता येतील इतके वाढवा. बारावीचा लेखी पेपर संपल्यापासून प्रवेशाच्या फेरीपर्यंतचा वेळ त्यालाच द्या.